अ‍ॅक्सोलॉटल की गोल्डफिश? आधी पाण्यात थर्मामीटर सोडा

मोबाइलवर तो गुलाबी, हसऱ्या तोंडाचा, मानेशी पिसारा फुटलेला प्राणी दिसला की पोरांचा हट्ट सुरू होतो. दुकानदार त्याला ‘वॉकिंग फिश’ म्हणतो, पण अ‍ॅक्सोलॉटल मासा नव्हे. तो बेडकाच्या गोतावळ्यातला सॅलॅमँडर, जन्मभर कल्ले घेऊन पाण्यातच राहणारा. मूळ गाव मेक्सिको सिटीतलं सोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून 2200 मीटरहून उंच. त्यामुळे त्याला थंड पाण्याची सवय, आणि आपलं सगळं घोडं तिथेच अडतं.

त्याला 16 ते 18 अंश मानवतं. पाणी 24च्या वर राहिलं की तो खाणं टाकतो, अंगावर बुरशी धरते. ओळखीच्या एकांकडे मे महिन्यात पाहिला होता: शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, कल्ल्यांची पिसं झडून खुंट उरलेले, समोर गांडूळ वळवळत असूनही तोंड उघडेना. त्याच दिवसांत माझ्या पुण्यातल्या हॉलमध्ये टाकीचं पाणी दुपारी 31 अंशांवर होतं. माझ्या दोन फॅनटेल गोल्डफिशनाही ते सुखाचं नव्हतंच, पण जोरात एअर पंप लावल्यावर त्यांनी उन्हाळा काढला.

टाकीवर पंखा लावला की पाणी माठासारखं गार होतं, पण फार तर दोन-तीन अंशांनी. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तेवढंही नाही. बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर पाणी दिवसभर वर-खाली होतं, ते आणखी वाईट. राहता राहिला चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र. तो प्राण्याच्या कितीतरी पट महाग, शिवाय खोलीत गरम हवा सोडतो आणि लाइट गेली की बंद.

बाकी बाबतींत दोघं इतके वेगळे नाहीत. दोघंही भरपूर घाण करतात. दोघांनाही काचेचा गोल बाउल नको, निदान 80-100 लिटरची टाकी हवी, आणि फिल्टर महिना-सव्वा महिना आधी चालवून अमोनिया शून्यावर आणलेला हवा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन घालून.

तळाशी मात्र अ‍ॅक्सोलॉटलला बारीक वाळूच लागते. तो घास ओढून गिळतो, त्यात खडे पोटात जाऊन अडकतात. जेवण म्हणजे गांडुळं, पण गांडूळखताच्या डब्यातली लाल गांडुळं तो बहुधा थुंकून टाकतो, ती कडवट असतात. गोल्डफिश दाण्यांवर खूश. दोघांना एकत्र ठेवायचा विचार करू नका, एक कल्ले कुरतडेल, दुसरा शेपटी तोडेल.

कागदपत्रांचंही आहे. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून 2024च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदाराकडून पक्की पावती मागा. गोल्डफिशला यातलं काही नाही.

मुलांसाठी घेत असाल तर मी गोल्डफिशच सांगेन. तुम्ही दिसलात की ती काचेशी येऊन तोंड उघडझाप करते. अ‍ॅक्सोलॉटल दिवसभर दगडासारखा पडून असतो, जरा हालचाल करतो ती रात्री, पोरं झोपल्यावर. तरीही मन त्याच्यावरच असेल तर घाई नको. टाकी आत्ताच भरा, रिकामीच चालवा, आणि एप्रिल-मे सरेपर्यंत रोज दुपारी तीनचा आकडा कॅलेंडरवर लिहीत चला.