इंदूरमध्ये आरएक्स १००चं हेड ‘बनवून’ घेतलं, त्याची हकिकत

बाबांची १९८९ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात अजून थोडा दम हवा असं वाटत होतं. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये त्यासाठी बरेच जण आधी हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, हात घालतात. हेडचा फेस, म्हणजे खालचा सपाट भाग, लेथवर छाटला की आतली जळणाची जागा (चेंबर) लहान होते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढतं. आरएक्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटरचा, त्यामुळे १ मिलिमीटर काढला तर जवळजवळ २ सीसी जागा कमी होते. मात्र पिस्टन आणि हेडची कड यांच्यातली फट, म्हणजे स्क्विश, तीही तेवढीच घटते. म्हणून कड आतूनही नव्याने कापावी लागते. हे सगळं मला माहीत होतं, तरी फसलो.

गॅरेजवाला म्हणाला, “भिया, टेंशन मत लो, रॉकेट बना देंगे.” ६,५०० रुपये रोख घेतले, बिल दिलं नाही. लेथ दुसरीकडे आहे, गाडी दोन दिवस ठेवून जा, म्हणाला. मी ठेवून आलो. चूक झाली ती इथेच.

गाडी हातात आली ती दणदणत. पिकअप वाढल्यासारखा वाटला. सायलेन्सरमधला आवाज दाबणारा बॅफल काढलाय, नुसता आवाजच वाढलाय, हे पुष्कळ उशिरा कळलं.

पुढच्या रविवारी बडवाहहून परतताना भेरूघाट चढत होतो, मागे धाकटा भाऊ. तिसऱ्या गिअरमध्ये टिणटिण आवाज सुरू झाला, जसे डब्यात खडे हलवावेत. गाडी ओढेना आणि मग जागीच बसली. मागचं चाक लॉक झालं. मागून ट्रक येत होता. आम्ही दोघं कडेला पडलो म्हणून वाचलो. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पोलोग्राउंडच्या एका जुन्या टर्नरकाकांनी हेड उघडलं. प्लगच्या टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटलेले, पिस्टनची कड कुरतडल्यासारखी. काकांनी हेड उजेडात धरलं. “हे बघ. लेथवर चढलेलं असतं तर गोल गोल रेघा दिसल्या असत्या. हे एमरी पेपरवर हाताने घासलंय.” खरंच, सगळे ओरखडे आडवे-तिडवे होते. मग हेड परत बसवून, प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत घालून त्यांनी किक हाताने दाबली आणि चेपलेल्या टोकाची जाडी, म्हणजेच स्क्विश, व्हर्नियरने मोजली. एका बाजूला ०.४ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला १.१! हेड तिरकं घासलं गेलं होतं.

तुम्ही काम देण्याआधी ही तारेची चाचणी करायला लावा, आकडे लिहून घ्या, आणि काम झाल्यावर तुमच्यासमोर पुन्हा करा. पाच मिनिटं लागतात. लेथ दुसरीकडे असेल तर हेड घेऊन स्वतः जा. आणि हेडवर पंचने खूण करून ठेवा, कारण माझं आणखी एक नुकसान झालं.

ते हेड माझं नव्हतंच. बाबा एकदा पडले होते, तेव्हा हेडच्या डाव्या टोकाच्या फिनचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्टीचा, कोपरा उडाला होता; लहानपणी मी त्या खाचेत बोट घालून बसायचो. या हेडची फिन अखंड होती. जुन्या आरएक्सच्या मूळ पार्टला आज किती मागणी आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. जाब विचारायला गेलो तर म्हणे, “आपका यही था.” खूण नाही, बिल नाही, मी काय दाखवणार?

डाव्या फिनचा कोपरा तुटलेला, तिथे थोडा लाल रंग लागलेला, असं हेड इंदूर-देवास-महू भागात कुणाच्या हाती आलं तर कृपया सांगा. सांगाल ती किंमत देऊन घेईन.