पेट्रोल पिकअपला कोणतं पेट्रोल परवडतं: साधं ई-२० की विनाइथेनॉल?

बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर या पट्ट्यातून भाजी भरून चोर्ला घाटाने गोवा गाठणाऱ्या पेट्रोल पिकअपवाल्यांमध्ये सध्या एकच चर्चा असते: २० टक्के इथेनॉल (ऊस-धान्यापासून बनणारा मद्यार्क) मिसळलेलं ई-२० पेट्रोल आल्यापासून गाडीचं अॅव्हरेज पडलं, मग महागडं बिनाइथेनॉलचं भरावं का? माझं मत आधीच सांगतो. गाडी रोज धावत असेल तर साधंच भरा आणि वाचलेल्या पैशातून फिल्टर आणि नळ्या सांभाळा. गाडी जुन्या कार्बोरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणारं जुनं यंत्र) असेल किंवा महिनोन्महिने उभी राहणारी असेल, तर मात्र विनाइथेनॉलचा विचार जरूर करा. बोलेरो पिकअपसारख्या डिझेल गाड्यांना हा प्रश्नच नाही. हे लिखाण छोटा हत्ती पेट्रोल, सुपर कॅरी आणि अजून चालत असलेल्या मालवाहू ओम्नी यांच्या मालकांसाठी आहे.

पंपावर काय मिळतं ते आधी पाहू. २०१३-१४ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर पोहोचलं आणि २०२५ मध्ये २० टक्के झालं. मूळ उद्दिष्ट २०३० चं होतं. आता साधं पेट्रोल म्हणजे ई-२०. निपाणीला भरा, खानापूरला भरा, नाहीतर घाट उतरून गोव्यात भरा. गोव्यात लिटरमागे काही रुपये वाचतात खरे, पण तिथलंही ई-२०च. विनाइथेनॉल म्हणून जे विकलं जातं ते १०० ऑक्टेनचं पेट्रोल, मोजक्याच पंपांवर. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची पेट्रोलची क्षमता. इथे बरेच जण फसतात: ९५ ऑक्टेनचं ‘प्रीमियम’ घेतलं की इथेनॉल टळलं असं त्यांना वाटतं. त्यातही इथेनॉल असतं. पंपावर ऑक्टेन विचारू नका, ‘यात इथेनॉल किती?’ असं थेट विचारा.

आता पैशाचं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे अॅव्हरेज पडतं ही तक्रार खरी आहे, मालकाच्या मनाचे खेळ नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की बिनाइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१०वर जुळवलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज ई-२०वर ६ ते ७ टक्के घटतं, तर ई-१०साठी बनवून ई-२०वर जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के.

वाईटात वाईट बाजू धरून हिशेब करू. गाडी विनाइथेनॉलवर लिटरला १५ किलोमीटर देते आणि ई-२०वर १४, असं समजा. साधं पेट्रोल १०३ रुपये आणि १०० ऑक्टेनचं १६० रुपये धरू. तुमच्या पंपावरचा आजचा भाव घालून आकडे बदलून घ्या. साध्यावर किलोमीटरला ७ रुपये ३६ पैसे पडतात, महागड्यावर १० रुपये ६७ पैसे. फरक ३ रुपये ३१ पैशांचा. पणजीला जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरले तर एका खेपेला आठशेहून जास्त रुपये अंगावर. कोबी-फ्लॉवरच्या भाड्यात इतकी गुंजाइश कुणाकडे आहे? घट भरून काढण्यापुरताच विचार केला, तर विनाइथेनॉल ११० रुपयांच्या आत मिळालं तरच परवडेल. ते मिळत नाही.

त्याच हिशेबात एक गोष्ट मला बोचते, ती बोलतोच. अॅव्हरेज पडल्यामुळे जुन्या गाडीवाल्याचे याच ई-२०वर किलोमीटरला सुमारे ५० पैसे जास्त जातात, पणजीच्या खेपेला सव्वाशे रुपयांच्या आसपास. ऊर्जा कमी, पण भाव तोच. ज्याच्या गाडीला ई-१० चालतं त्याला तेही पंपावर वेगळं मिळायला हवं होतं. आता कुणी साधं आणि विनाइथेनॉल अर्धं-अर्धं मिसळतो. गणित बरोबर आहे, टाकीत साधारण ई-१० होतं, पण लिटरचा भाव १३१ वर जातो.

ताकदीचं काय? चोर्ल्याच्या चढावर भरलेली गाडी महागड्या पेट्रोलवर जोरात ओढते, असं सांगणारे भेटतात. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन जास्त असतं, त्यामुळे ई-२०चं ऑक्टेन ९५ धरलं आहे, जुन्या साध्याचं ९१ होतं. आपल्या पिकअपचं इंजिन १०० ऑक्टेन मागतच नाही. चढाला गाडी ठोके देत असेल तर मिस्त्रीकडे न्या, प्लग आणि टायमिंग बघा.

खरा प्रश्न रबराचा आणि पाण्याचा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२०ला टिकणाऱ्या नळ्या आणि सील बसवले आहेत, तर एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांचं इंजिनही त्यासाठी जुळवलेलं असतं. त्यांच्या मालकांनी निर्धास्त साधं भरावं. त्याआधीच्या गाड्यांबद्दल पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर मारणाऱ्या गाडीला हे वर्षाच्या आतच गाठतं, हे लक्षात ठेवा. टाकीपासून इंजिनपर्यंतची पेट्रोलची नळी बोटांनी दाबून पाहा. चिकट, फुगलेली किंवा वाकवली की भेगा दाखवणारी असेल तर त्याच दिवशी बदला. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण. इथेनॉल टाकीतला जुना मळही सोडवतं, त्यामुळे सुरुवातीच्या काही टाक्यांनंतर गाडी झटके मारू लागली तर आधी फिल्टर बघा.

इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या नव्या पद्धतीच्या) गाडीत धुराच्या नळीतला सेन्सर बघून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो, म्हणून गाडी सांभाळून घेते. कार्बोरेटरला ते जमत नाही. पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, सकाळी गाडी लवकर लागत नाही, फिरताना कोरडी खोकते. अशा जुन्या ओम्नीला विनाइथेनॉल मानवतं, फक्त पैशाचा वरचा हिशेब तिलाही लागू आहे.

पाण्याचं नीट समजून घ्या, कारण जांबोटी-कणकुंबीचा पावसाळा आपल्या वाट्याला आहे. नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते तळाशी बसतं. इथेनॉल मात्र पाणी आपल्यात विरघळवून घेतं, मर्यादेपर्यंत काही त्रास नाही, आणि मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसतात. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचं तोंड तिथेच असतं. रोज टाकी रिकामी होऊन भरत असेल तर ही वेळ येत नाही. उभ्या गाडीवर येते.

बघायचं असेल तर खुणा असलेली उंच काचेची नळी घ्या. त्यात १० मिली पाणी आणि वर ९० मिली पेट्रोल घालून, उघड्या जागेत, विडी-काडीपासून लांब, तोंड बंद करून हलवा आणि ठेवून द्या. खालचा थर १० वरच थांबला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर तो २५ च्या वर चढतो. पंपवाल्याचं ‘यात काही नाही’ पडताळायला एवढं पुरे. वापरलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

या वादात ‘हे उसाचं पेट्रोल आहे, आपल्याच शेतकऱ्याचं’ असंही म्हणतात. चिक्कोडी, अथणी, हुक्केरीत कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, आणि उसाचं बिल वेळेवर मिळायला इथेनॉलचा हात लागतो हे मीही मानतो. पण आता देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल मका आणि तांदळासारख्या धान्यापासून येतं. उसाला भाव मिळावा ही आपली मागणी आहेच; कुठल्या टाकीत काय भरायचं हे मात्र गाडीचं वय बघून ठरवा.

हंगाम संपल्यावर पिकअप दोन-तीन महिने अंगणात उभी राहणार असेल, तर शेवटची टाकी विनाइथेनॉलने भरा. ते मिळालं नाही तर साधंच काठोकाठ भरा, म्हणजे वरची ओलसर हवा कमी राहील, झाकणाचं रबर तपासा आणि आठवड्याला गाडी थोडी फिरवून आणा. जुनी गाडी घेताना आरसी बुकावरचा उत्पादनाचा महिना पाहा, पेट्रोलच्या झाकणाजवळ ई-२०चं चिन्ह आहे का ते पाहा. ते नसेल तर नळ्या, सील आणि फिल्टर बदलण्याचा खर्च मिस्त्रीकडून विचारून घ्या आणि तेवढी रक्कम सौद्यातून कापून घ्या.