मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढून घेतली

लेकीचा तानपुरा बोलेनासा झाला होता. तार छेडली की नुसतं ‘टण्’, गुंजन नाहीच. ते गुंजन म्हणजे जवारी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून ती काढतात. शेवटी इचलकरंजीहून जयसिंगपूर-अंकलीमार्गे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेला.

तिथल्या कारागीर चाचांनी आधी विचारलं, “ताई, पोरगी कुठल्या पट्टीत गाते?” काळी चार म्हटल्यावर त्या सुरात तारा लावल्या आणि मगच घोडीला हात घातला. कानशीचे दोन हात, तार वर, कान देऊन ऐकणं, पुन्हा तार खाली. किती वेळा, ते त्यांनी मोजलं नाही. मी मोजत होते, कारण आमचे आठ यंत्रमाग खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीनं विणून देण्यावर चालतात. मजुरी पिकांवर, म्हणजे कापडात पडलेल्या आडव्या धाग्यांवर ठरते, माग उभा राहिला की तेवढे पैसे गेले. सांगलीला माझा मावसभाऊ हळदीच्या अडतीत आहे. तिथं दर पटला नाही तर शेतकरी माल ठेवून देतो, हळद थांबू शकते. सांगली-मिरज एकाच महापालिकेत, पण मिरजेतल्या या गल्लीत वेळ ठरवतो कान. अर्धा तास लागो की अख्खी दुपार, जवारीचे पैसे तेवढेच.

यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात सतारीकडे वळले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. गाणाऱ्याचा कान शेजारी असल्यावर हाताला चूक लपवता येत नाही. 2024 मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं. पण चाचांचा मुलगा आमच्या गावात सायझिंगवर, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात कामाला आहे, ठरलेल्या पगारावर. ते ऐकून फार वाईट वाटलं.

तक्रार एकच. गुरुवारी या म्हणाले आणि वाद्य मिळालं सोमवारी, माझी एक खेप फुकट गेली. निघण्याआधी फोन करा. नव्या तारांसकट 1500 रुपये झाले. खर्ज आता असा भरून येतो की लेक डोळे मिटूनच बसते.

जवारीसाठी घोडीवर तारेखाली दोरा घालतात. त्यासाठी मी आमच्या बिमाचं, म्हणजे मागावरच्या ताण्याच्या रुळाचं सूत नेलं होतं. चाचांनी चिमटीत धरलं आणि परत दिलं, “याला खळ आहे, मऊ पाहिजे.” सोमवारी जाताना बिनखळीच्या सुताचा एक कोन नेऊन दिला.