न पाहिलेल्या कीलवर माझी सही

ज्यांना कधीतरी शिडाची बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवायची आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. आमचे २,५०० डॉलर गेले, त्या वेळच्या भावाने दोन लाख रुपयांच्या वर. बोट बुडाली नाही, कुठे आपटली नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पैसे गेले ते कीलवरून, म्हणजे बोटीच्या तळाखाली पाण्यात उतरलेल्या जड पात्यावरून, केलेल्या दोन सह्यांमुळे, आणि त्या दोन्ही सह्या माझ्या आहेत.

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारात, सासर प्रतापनगरला, नोकरी ऑडिटची. बडोद्याच्या बाईला शिडाच्या बोटीचा नाद कुठून लागला, असं सगळेच विचारतात. आम्हाला सर्वांत जवळचं खारं पाणी म्हणजे खंभातचं आखात, आणि ते हौशी माणसाचं पाणी नव्हे. चिखल, प्रचंड ओढ, आणि उधाणाला भावनगरकडे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या वर फरक. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला जायचं तर आम्ही ओहोटीची वेळ विचारूनच घर सोडतो, कारण भरतीला देऊळच पाण्याखाली जातं. म्हणून शिडाचं शिक्षण मुंबईत झालं. शुक्रवारी रात्रीची गाडी, शनिवार-रविवार बंदरात, सोमवारी सकाळी थेट ऑफिस. ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. असे पाच हंगाम काढले, तेव्हा कुठे स्वतःच्या जबाबदारीवर बोट घ्यायचा धीर आला.

२०२४ च्या जानेवारीत, २६ तारखेची सुट्टी जोडून आम्ही थायलंडमधल्या फुकेतला गेलो. मी, माझे यजमान, आमची मुलगी, नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा मुलगा. चाळीस फुटी बोट, तीन केबिन, सहा दिवस. बेअरबोट म्हणजे नुसती बोट मिळते, खलाशी मिळत नाही. स्किपर तुमच्यातलाच, म्हणजे मी. चार्टरवाल्याला, म्हणजे बोट भाड्याने देणाऱ्याला, माझा सगळा अनुभव लिहून पाठवला, त्यांनी तो मान्य केला, भाडं बँकेतून रीतसर गेलं. या भागात काही खोट नव्हती. बोट खरोखर होती, फोटोत दाखवली तशीच होती. त्यामुळेच आम्ही निर्धास्त झालो. फसवणूक म्हटली की आपल्याला खोटी वेबसाइट आणि गायब झालेला माणूस आठवतो. इथे माणूसही समोर होता आणि ऑफिसही.

भाड्याशिवाय डिपॉझिट असतं. बोटीला काही झालं तर त्यातून कापायचं, नाही तर जसंच्या तसं परत. त्यांनी आधीच कळवलं होतं, कार्डावर दिलंत तर तीन टक्के जादा, रोख डॉलर आणलेत तर काही नाही. आपल्याकडून परदेशात जाताना माणशी ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, तेव्हा अडचण नव्हती. रावपुऱ्यातून नोटा घेतल्या आणि ७५ डॉलर वाचले म्हणून मला समाधान वाटलं. ते ७५ डॉलर मी आज आनंदाने देईन. कार्डावर डिपॉझिट बहुतेक वेळा नुसतं रोखून ठेवतात, आणि वाद झालाच तर आपल्या बँकेकडे तक्रार करायला जागा राहते. रोख पैसे एकदा दुसऱ्याच्या खणात गेले की ते मागायला तिथेच ठाण मांडून बसावं लागतं, आणि आपलं तर विमान असतं.

ताबा दुपारी १२ ला ठरला होता. आम्ही किराणा, पाण्याचे कॅन, बॅगा घेऊन साडेअकरालाच पोंटूनवर, म्हणजे तरंगत्या धक्क्यावर, हजर. "साफसफाई चालू आहे, कॅप्टन, पाचच मिनिटं." एक वाजला, दोन वाजले. सावली नाही. नणंदेचं डोकं दुखायला लागलं, मुलं कंटाळली. अडीचच्या सुमारास चार्टरवाल्यांचा एक तरुण हसतमुखाने आला, हातात चार पानी कागद. आल्या आल्या म्हणाला, ओहोटी लागली आहे, तीन वाजून गेले की बाहेरच्या चॅनेलमध्ये तुमच्या बोटीपुरतं पाणी राहणार नाही. रात्री चार्टरच्या बोटीला चालायची परवानगी नाही. आत्ता निघा, नाही तर उद्या सकाळी.

यात खोटं काहीच नव्हतं. पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती, उधाण होतं. बोटीला १.९ मीटर पाणी लागायचं. पोंटूनच्या खांबावरची ओली रेघ माझ्या डोळ्यांदेखत लांब होत होती, दर पाच-दहा मिनिटांनी कालवांची आणखी एक ओळ उघडी पडत होती. पण अडीच वाजेपर्यंत आम्हाला उन्हात बसवून ठेवलं कुणी? भरती-ओहोटीचं कोष्टक त्यांच्या भिंतीवर टांगलेलं होतं. ते माझ्या फोनमध्येही होतं. देवदर्शनाला जाताना ओहोटीची वेळ विचारणारी मी, ताबा घ्यायच्या दिवशी ती पाहिली नव्हती.

मग धावपळ. शिडं पाहिली, विंडलास, म्हणजे नांगर उचलायचं यंत्र, चालवून पाहिला, डिंगीचा, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीचा, आउटबोर्ड सुरू केला, लाइफ जॅकेट मोजली, गॅस, संकटात इशारा द्यायचे फ्लेअर, प्रथमोपचार. तो भराभर टिक करत होता. शेवटच्या पानावर एक ओळ होती: पाण्याखालचा भाग, कील, रडर (सुकाणू), पाहिले, ठीक. मी विचारलं, हे मी कुठे पाहिलंय? तो म्हणाला, "मागच्याच आठवड्यात आमच्या डायव्हरने पाहिलंय, कॅप्टन, फॉर्मॅलिटी आहे." मरिनाचं, म्हणजे बोटींच्या त्या बंदराचं, पाणी इतकं गढूळ की हात बुडवला तर मनगट दिसत नव्हतं. मी सही केली.

माझ्या कामात गोदामातला माल प्रत्यक्ष मोजल्याशिवाय मी स्टॉकच्या कागदावर सही करत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये माळ्यावर चढून पोती मोजलेली आहेत मी. त्या दिवशी मात्र पाच माणसं माझ्याकडे बघत होती, पाणी उतरत होतं, आणि समोरचा माणूस मला कॅप्टन म्हणत होता.

सहा दिवस सोन्यासारखे गेले, त्याबद्दल तक्रार नाही. ईशान्येचा सरळ वारा, फांगङ्गाच्या उपसागरात पाण्यातून उभे राहिलेले चुनखडीचे कडे, को याओ नोई, फी फी, शेवटी राचा. मी खोलीच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून कडक होते. प्रत्येक मुक्कामाला ओहोटीचा हिशेब करून नांगर टाकला आणि वहीत आकडा लिहिला. सगळ्या मुक्कामांत सर्वांत कमी पाणी ४.३ मीटर. फोनमधल्या चार्टच्या ॲपवर सहाही दिवसांचा ट्रॅक आहे. बोट तळाला लागली तर ते लपत नाही, चाळीस फुटी बोट धाडकन थांबते, झोपलेला माणूस उठून बसतो. असं काही घडलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी परत आलो. तो हसतमुख तरुण नव्हता. दुसरेच एक वयस्कर गृहस्थ होते, शांत, फार न बोलणारे. डायव्हर खाली गेला, दहा मिनिटांनी वर आला आणि वॉटरप्रूफ पिशवीतला फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. कीलच्या खालच्या पुढच्या कोपऱ्यावर वीतभर लांबीचा खड्डा. फोनचा पडदा ओला, वर ऊन, मला धड दिसलंही नाही.

हिशेब आधीच छापलेला होता. बोट पाण्याबाहेर काढणं, फायबरग्लासची दुरुस्ती, आणि बोट दुरुस्तीत अडकल्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाचं बुडालेलं भाडं. एकूण ३,४००. मी वही दाखवली, ट्रॅक दाखवला. त्यांनी ताबा घेतानाचं शेवटचं पान काढून माझ्या सहीवर बोट ठेवलं. मग आवाज मऊ करून म्हणाले, तुम्ही चांगली माणसं आहात, डिपॉझिटवर मिटवू, वरचे ९०० सोडून देतो. संध्याकाळचं विमान होतं. नणंदेचे यजमान वडिलकीच्या मायेने म्हणाले, "जवा दो ने, वहिनी, विमान चुकेल." आणि मी दुसरी सही केली, नुकसान आमच्याकडून झालं, मान्य आहे, अशी. पहिली सही चूक होती. दुसरी त्याहून मोठी, कारण ती मी केली तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की आम्ही कुठेच लागलेलो नाही.

फोटो त्यांनी ईमेलने पाठवला होता. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, रात्री जेवणं झाल्यावर, तो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. खड्ड्याच्या आत बार्नेकल होते, म्हणजे पाण्याखाली चिकटून वाढणारे कवचाचे जीव. कडेला नव्हे, आत, खड्ड्याच्या तळाला घट्ट बसलेले, पांढरे, हरभऱ्याच्या डाळीएवढे, सात मी मोजले. त्यांच्याभोवती काळपट, पापुद्रे सुटलेला गंज. सहा दिवसांच्या जखमेत हरभऱ्याच्या डाळीएवढे बार्नेकल वाढत नाहीत. गरम पाण्यात त्यांची पिल्लं लवकर चिकटतात, पण ती टाचणीच्या डोक्याएवढी असतात. मुंबईत बोटींचं सर्वेक्षण करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोटो पाठवला, त्यांनीही तेच सांगितलं, हा मार कितीतरी आठवडे जुना आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. गंज आहे म्हणजे कील लोखंडाची आहे. मग बिलात फायबरग्लासची दुरुस्ती कशाची?

त्यांनी सांगितलेलं हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं. कील जोरात आपटते तेव्हा तिचा पुढचा भाग अडतो आणि मागचं टोक वर बोटीच्या तळात दाबलं जातं. त्यामुळे खरा मार लागला असेल तर केबिनमधल्या फळ्या उचलल्यावर कीलच्या बोल्टांभोवती, विशेषतः मागच्या बाजूला, आडव्या पट्ट्यांना तडे दिसतात. हे पाहायला पाण्यात उतरावं लागत नाही, टॉर्च पुरते. आम्ही ताबा घेताना फळ्या उचलून फोटो काढले असते आणि परत देताना तेच फोटो पुन्हा काढले असते, तर बोलायला काही हातात राहिलं असतं.

मी चार ईमेल पाठवले. फोटोवर बार्नेकलना गोल करून, वहीची पानं जोडून, ट्रॅक जोडून. एकच उत्तर आलं. मजकूर नाही, फक्त माझ्या दोन सह्यांची पानं. थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर माझ्याकडे लिहिलेला होता, पण तो तिथे उभं असताना लावायचा असतो, बडोद्यातून नव्हे.

आता मी काय करते ते सांगते. यानंतर एकदा पुन्हा बोट घेतली आहे, दुसरीकडून. डिपॉझिट कार्डावर. ताबा घ्यायच्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक आदल्या आठवड्यातच काढलं आणि पहिली रात्र मरिनातच राहायचं असं घरच्यांना आधीच सांगून ठेवलं, म्हणजे कुणी घाई केली तरी आपल्याला घाई नसते. मागच्या गिऱ्हाइकाचा परतीचा कागद आणि बोट शेवटची पाण्याबाहेर कधी काढली ती तारीख मागितली. प्रामाणिक माणूस हे लगेच दाखवतो, माझ्या बाबतीत त्याने स्वतःहून कीलचे फोटोही दिले. पाणी गढूळ होतं, म्हणून पाण्याखालच्या ओळीवर काट मारून हाताने लिहिलं, "पाहिलेले नाही", तारीख-वेळ टाकली आणि त्याची सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या स्वच्छ पाण्यात मुलगी मास्क लावून खाली गेली, कॅमेऱ्याने कील आणि रडर दोन्ही बाजूंनी काढलं, आणि ते फोटो तिथूनच चार्टरवाल्याला पाठवले. परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं. एक रात्र हॉटेलचा खर्च वाढतो, वाढू द्या. आणि भांडणाची वेळ आलीच, पैसे सोडावेच लागले, तरी मान्य आहे असं लिहू नका. "मान्य नाही, निषेध नोंदवून रक्कम सोडत आहे" एवढं तरी सहीच्या वर लिहा.

त्या दिवशी टॅक्सीत बॅगा चढवताना मी मागे वळून पाहिलं होतं. दुपार झाली होती. आमचीच बोट, त्याच जागी. पाण्याबाहेर काढलेली नाही, चार्टरच्या आधीची नेहमीची झाडलोटही अर्धवट. पोंटूनवर सात-आठ माणसांचा एक घोळका उभा होता, शीतपेट्या, पाण्याचे कॅन, लहान मुलं. सकाळी न दिसलेला तो तरुण आता आला होता आणि हातातला कागद एका गृहस्थापुढे धरून उभा होता. गृहस्थ पेन हातात घेऊन खांबाकडे, पाण्याकडे बघत होते. पुढच्या गिऱ्हाइकाच्या बुडालेल्या भाड्याचे पैसे आम्ही तासाभरापूर्वीच भरले होते, आणि पुढचं गिऱ्हाईक हे समोर उभं होतं. मला ते तेव्हा उमगलं नाही, विमानात उमगलं. पन्नास पावलांवर होते ते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.