मापाने करून घेतलेला लेटेक्सचा स्कर्ट

उत्तर लंडनमधील एका लहान कार्यशाळेत मापे देऊन करून घेतलेला काळा लेटेक्सचा स्कर्ट मी गेला हिवाळाभर वापरला आहे. गुडघ्याखाली उतरणारा, अंगाला घट्ट बसणारा, मागे स्लिट असलेला हा साधा घाट आहे. पण लेटेक्समध्ये साधा घाटच कारागिराची परीक्षा घेतो. ही कार्यशाळा मुख्यतः फेटिश क्लबांत, म्हणजे लेटेक्स-चामड्यासारख्या कपड्यांची कामुक ओढ असणाऱ्यांच्या क्लबांत, जाणाऱ्या ग्राहकांसाठी कपडे करते, आणि स्कर्ट इतका उत्तम उतरला त्याचे कारण मला त्यातच दिसते. हे ग्राहक रात्रभर लेटेक्स घालून नाचतात, घामाघूम होतात आणि कपडा कुठे ताणला गेला, कुठे फाटला, हे परत येऊन स्पष्ट सांगतात. असे सांगणारे गिऱ्हाईक हीच त्या कारागिरांची शाळा आहे.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेली पातळ शीट. माझ्या स्कर्टसाठी वापरलेली शीट ०.४ मिलिमीटर जाडीची आहे, आणि कपड्यांसाठी हीच जाडी सर्वाधिक वापरली जाते. या शीटला सुई लावता येत नाही, कारण टाक्याचे प्रत्येक भोक पुढे फाटण्याची जागा ठरते. म्हणून दोन्ही कडा पुसून स्वच्छ करतात, सायकलच्या पंक्चरला लावतात तसले सोल्यूशन त्यांवर लावतात, ते सुकू देतात आणि मग कडा एकमेकींवर ठेवून रुळाने दाबतात. एकदा चिकटलेली कड सरकवता येत नाही. नितंबांवरून जाणारा वळणदार जोड सुरकुती न पडता बसवणे हे सर्वांत कठीण काम, आणि माझ्या स्कर्टवर तो जोड वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा आहे. स्लिट जिथे सुरू होते तिथे आतून गोल कापलेला एक ठिगळासारखा तुकडा चिकटवलेला आहे. चालताना सगळा ताण त्याच टोकावर येतो, आणि घाईने काम करणारे नेमका हाच तुकडा गाळतात. लेटेक्स विकत घेताना मी आधी ही जागा उलटून पाहते.

ब्रिटनमध्ये रबराच्या कपड्यांची ओढ जुनी आहे. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचे पेटंट घेतले, आणि अशा रेनकोटांचा वास व स्पर्श आवडणाऱ्यांची मंडळे पुढे तयार झाली. फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि तिचा साथीदार माल्कम मॅकलॅरेन यांनी १९७४ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरील आपल्या दुकानाला ‘सेक्स’ हे नाव दिले आणि रबराचे कपडे भर रस्त्यावर विक्रीस मांडले. ऐंशीच्या दशकात ‘स्किन टू’ आणि १९९० पासून ‘टॉर्चर गार्डन’ या लंडनच्या क्लबांनी हे कपडे करणाऱ्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळवून दिले. २००९ मध्ये ब्लॅकपूल येथे गायिका लेडी गागा राणी एलिझाबेथ यांना भेटली तेव्हा तिच्या अंगावर लंडनच्याच डिझायनर आत्सुको कुडो यांनी केलेला लाल लेटेक्सचा पायघोळ झगा होता, आणि २०२० मध्ये पॅरिसला सँ लोराँ व बाल्माँ या दोन्ही फॅशन घराण्यांनी लेटेक्स दाखवले. फॅशनला यातून प्रामुख्याने चकाकी हवी असते. प्रत्यक्ष घालणाऱ्याला मात्र सर्वांत आधी जाणवतो तो स्पर्श: पहिल्या क्षणी गार, काही मिनिटांत अंगाइतकाच उबदार, आणि बाहेरची वाऱ्याची झुळूकही त्वचेपर्यंत थेट पोहोचवणारा. ज्यांना हे प्रिय आहे त्यांच्याकडे विकृत म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

घालण्यापूर्वी अंगठ्या काढाव्या लागतात, आतून टाल्कम पावडर किंवा सिलिकॉनचे वंगण लावावे लागते, आणि कपडा बोटांच्या टोकांनी न ओढता तळव्यांनी वर सरकवावा लागतो. सिलिकॉन पॉलिश लावल्याशिवाय आरशासारखी चकाकी येत नाही. घाम बाहेर जात नसल्याने दोन-तीन तासांनंतर तो कमरेशी साचतो. मुंबईच्या मे महिन्यात हा स्कर्ट घालण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. तेल हा लेटेक्सचा शत्रू आहे, त्यामुळे केसांना खोबरेल लावलेला हातही कपड्याला लागू देऊ नये. नाणी, पितळ किंवा तांबे हाताळून फिक्या रंगाच्या लेटेक्सला स्पर्श केल्यास तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही, म्हणून पहिल्या खरेदीसाठी काळा रंगच घ्यावा. धुणे सोपे आहे: कोमट पाणी, सौम्य साबण, दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवणे, पावडर लावणे आणि उन्हापासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवणे.

तक्रारी दोन आहेत. कमरेची कड एकेरी ठेवल्यामुळे बसल्यावर ती गुंडाळली जाते. तिथे दुहेरी पट्टी हवी होती. शिवाय स्कर्ट सांगितल्यापेक्षा बराच उशिरा मिळाला आणि विचारल्याशिवाय कोणी कळवले नाही.

किंमत साध्या कापडी स्कर्टच्या कितीतरी पट आहे, पण संपूर्ण काम हाताचे असल्याने मला ती रास्त वाटते. मोठ्या दुकानांत ‘लेटेक्स लुक’ म्हणून स्वस्तात मिळतो तो बहुधा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला कापडी कपडा असतो, आणि त्यात वर सांगितलेला स्पर्श नसतो. ज्यांना नैसर्गिक रबराची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र तोच किंवा पीव्हीसीचा कपडा घ्यावा, कारण अशा व्यक्तींना लेटेक्समुळे गंभीर त्रास होऊ शकतो. इतरांनी मागणी नोंदवण्यापूर्वी दुरुस्तीची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. माझ्या कार्यशाळेत फाटलेल्या जागी आतून त्याच शीटचा तुकडा चिकटवून देतात.