"ताई, नमुन्याला एक फाइल पाठवा"

बडोद्याच्या जुन्या वास्तूंची मी पेनाने काढलेली चित्रं छापून एक माणूस कॅलेंडर विकतोय. मांडवी, न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा, सगळी माझी. इन्स्टाग्रामवर चित्रं टाकणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण माझी चित्रं तिथून चोरलेली नाहीत.

तिथलं चित्र साधारण 1080 पिक्सेल रुंद असतं. चांगल्या छपाईला इंचाला 300 लागतात, म्हणजे साडेतीन इंचांपुढे ते धूसर व्हायला लागतं. भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी मूळ फाइलच हवी, आणि ती गोड बोलून मागून घेतात. फोन मराठीतच आला. "ताई, मी पण दांडिया बाजारातलाच. दिवाळीला कॅलेंडर काढतोय, मानधन देऊ. नमुन्याला फाइल पाठवा. फोटो नको हं, डॉक्युमेंट म्हणून." व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की बारीक रेघा मरतात, डॉक्युमेंट जसंच्या तसं पोचतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग "पार्टीला पसंत पडलं नाही" म्हणाला आणि फोन उचलणं बंद केलं.

कॅलेंडरात कोपऱ्यातली माझी सही पुसलेली आहे. पण मांडवीजवळच्या एका दुकानाच्या पाटीवर मी बारीक अक्षरात आजीचं नाव लिहिलं होतं, ते त्याच्या नजरेतून सुटलं. भिंगातून स्वच्छ वाचता येतं.

आता म्हणतो, "फाइल तुम्हीच दिलीत." नमुन्याला दिली, छापायला नाही! कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. नोंदणी नव्हती म्हणूनही काही अडत नाही, चित्र काढलं तेव्हाच हक्क माझा झाला. ऑनलाइन विक्री जिथे चालते तिथे लेखी तक्रार करा. कॉपीराइटच्या 2013 च्या नियमांप्रमाणे तक्रारीत तथ्य दिसलं तर त्या साइटला 36 तासांत ते हटवावं लागतं. मात्र 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर ते पुन्हा दिसू शकतं.

पोलिसांकडे जाताना मूळ कागद, स्कॅनची तारखेची फाइल, चॅट आणि विकत घेतलेल्या कॅलेंडरचं बिल न्या. "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकवलं, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खालचा, म्हणजे कॉपीराइट भंगाचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दखलपात्र (पोलिसांनी स्वतः नोंदवून तपास करण्याजोगा) ठरवलाय, हे ठामपणे सांगा. माझा अर्ज दिला आहे. बडोद्यात आणखी कोणाला असा फोन आला असेल, तर चॅट पुसू नका, मला कळवा. त्या अर्जाला तुमचीही तक्रार जोडायची आहे.