अक्षर-अंकांच्या तपासणीला रेजेक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पीक कर्ज, शेतकरी नोंदणी, ट्रॅक्टरची नोंद अशा फॉर्मांवर रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात (पॅटर्नमध्ये) बसतो का ते तपासणारं सूत्र, वापरून आठ महिने झाले. पॅन, आयएफएससी (बँक शाखेचा कोड), गाडी नंबर यांच्यासाठी हत्यार चोख आहे. मात्र माहिती आधी साफ न करता थेट तपासायला घेतली, तर खरा नंबरही परत जातो.

‘अक्षर किंवा अंक, कितीही’ असा सरसकट पॅटर्न लावू नका. त्यातून नुसती दहा अक्षरंसुद्धा पॅन म्हणून पास होतात. जागेनुसार लिहा: ५ अक्षरं, ४ अंक, १ अक्षर. पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं. व्यक्तीला पी, कंपनीला सी, हिंदू अविभक्त कुटुंबाला एच. फॉर्म फक्त वैयक्तिक खातेदारांचा असेल, तर चौथ्या जागी थेट पी टाका. आयएफएससी ११ जागांचा: ४ अक्षरं, मग कायम शून्य, मग ६ अक्षर-अंक. पाचव्या जागी लोक हमखास ओ टाइप करतात. तिथं दुसरं काही येतच नाही, म्हणून कोडनेच शून्य करून टाकावं. शेवटच्या सहांत मात्र असा आगाऊपणा नको.

गाडी नंबरात संभाजीनगर २०, जालना २१ पासून नांदेड २६ पर्यंत आणि हिंगोली ३८ एवढेच कोड ठेवायचा मोह होतो. तो आवरा. अंबाजोगाईचा ४४ सुटतो आणि पुण्याहून जुनी घेतलेली १२ ची गाडीही अडते. मालिकेत आय आणि ओ नसतात, म्हणून अक्षरांचा गट ए ते एच, जे ते एन, पी ते झेड असा तोडून लिहा. राज्य बदललं तरी चालणाऱ्या बीएच (भारत) मालिकेचा क्रम उलटा आहे: वर्षाचे २ अंक, बीएच, ४ अंक, शेवटी अक्षरं. त्यासाठी उभ्या रेघेने (म्हणजे ‘किंवा’) दुसरा पर्याय जोडताना दोन्ही पर्याय मिळून एका गोल कंसात घाला. नाहीतर ‘इथून सुरुवात’ सांगणारा कॅरेट (^) पहिल्यालाच आणि ‘इथे शेवट’ सांगणारा डॉलर ($) दुसऱ्यालाच लागतो, आणि मागेपुढे कचरा असलेला नंबर बिनबोभाट पास होतो.

खरी डोकेदुखी देवनागरी अंकांची. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की ‘१२३४’ असंच येतं. ‘कुठलाही अंक’ सांगणारा बॅकस्लॅश-डी (\d) ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतो. सर्व्हरवरच्या पायथन ३ मध्ये तोच देवनागरी अंकही धरतो. म्हणजे ब्राउझर अडवतो, सर्व्हर सोडतो. एक्सेलमधून एकगठ्ठा यादी चढवली की ब्राउझरची तपासणी लागतच नाही, आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन नोंदी होतात, एक देवनागरी अंकांत, एक इंग्रजी. उपाय क्रमाने: कडेच्या आणि मधल्या स्पेस, डॅश काढा, देवनागरी अंक इंग्रजीत बदला, अक्षरं कॅपिटल करा, मग तपासा. पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश-डी ऐवजी शून्य ते नऊ ही श्रेणी स्पष्ट लिहा.

सातबाऱ्यावरचा गट नंबर हे वेगळंच प्रकरण. ‘११२/२/अ’ ठीक जातो, पण ‘४५ पैकी’ आलं की पायथनचा ‘कुठलंही अक्षर-अंक’ सांगणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) अडतो, कारण तो मात्रांना अक्षर मानत नाही. युनिकोड या अक्षर-संकेतांच्या यादीतला देवनागरीचा अख्खा ठोकळा घेतला, तर दंडसुद्धा (।) आत शिरतो. ‘पैकी’साठी वेगळा रकाना ठेवणं बरं.

छोट्या खोड्याही आहेत. कॅपिटल ए ते स्मॉल झेड अशी एकच श्रेणी लिहिली, तर मधली सहा चिन्हं, त्यात अंडरस्कोरही, आत येतात. पायथनमध्ये डॉलर शेवटची नवी ओळ चालवून घेतो, तिथं अख्खा मजकूर जुळवणारं फुलमॅच फंक्शन वापरा. एचटीएमएलच्या पॅटर्न गुणधर्मात चुकीचा रेजेक्स पडला, तर ब्राउझर तो गुपचूप सोडून देतो; चूक कन्सोलमध्येच दिसते. प्लसवाल्या (एक किंवा जास्त वेळा) कंसाला बाहेरून पुन्हा स्टार (कितीही वेळा) लावणं तर टाळाच. जुळत नसलेल्या लांब मजकुरावर सर्व्हर तिथंच घुटमळतो. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा अशाच बॅकट्रॅकिंगने, म्हणजे पुन्हापुन्हा मागे येऊन जुळवत बसण्याने, कोलमडली होती.

जीएसटी क्रमांकाचे १५ घटक, सुरुवातीचे महाराष्ट्राचे २७, मधला पॅन, चौदाव्या जागेचा झेड, एवढं रेजेक्सने जमतं. पंधरावं तपासणी-चिन्ह, जे आधीच्या चौदांवरून ठरतं, ३६ च्या (१० अंक, २६ अक्षरं) हिशोबाने काढावं लागतं. त्यासाठी वेगळं फंक्शन लिहा आणि ते रेजेक्सनंतरच चालवा.